आधी कोणाची गाडी?

सुटीच्या दिवसांतील दुपारचे तीन वाजले आहेत. महामार्गावरील एका शाकाहारी भोजनगृहाच्या आवारात विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी दोन चार्जिंग गन आहेत आणि गाड्या मात्र चार. गन लागलेल्या दोन गाड्यांपैकी एकीतील मंडळी जेवण आटोपून झाडाखाली निवांत बसली आहेत. त्यांचे गाव तेथून चाळीस किलोमीटरवर आहे, घरी रात्रभर चार्जिंगची सोयही आहे. तरीही बॅटरी शंभर टक्के भरल्याखेरीज गन काढायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे. दुसऱ्या गाडीचे चार्जिंग केव्हाच संपले, पण मालकाचा पत्ता नाही. रांगेतील तिसरी गाडी भाड्याची टॅक्सी. तिच्या चालकाला साडेपाचला विमानतळावरून प्रवासी घ्यायचा आहे. तो चुकला तर त्याचा दिवसाचा हिशेब बिघडणार. चौथ्या गाडीतील कुटुंब चौविहार पाळणारे आहे. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून भोजन व्हावे, म्हणून आजी वारंवार घड्याळाकडे पाहत आहेत.

असे दृश्य विजेवर चालणारी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांना आता अपरिचित राहिलेले नाही. त्यात कोणी मुद्दाम कोणाचे नुकसान करीत नाही. नियम मात्र एकच आहे: जो आधी आला त्याचा क्रमांक आधी. किराणा दुकानापासून रेल्वेच्या खिडकीपर्यंत हा नियम न्याय्य ठरतो, कारण तेथे प्रत्येकाचे काम चार-दोन मिनिटांत होते. चार्जिंगला मात्र अर्धा तास ते पाच-सहा तास लागू शकतात. कोण किती वाजता आला, एवढ्यावरून कोणाला किती वाजता निघायचे आहे आणि किती विजेची गरज आहे, हे मुळीच कळत नाही. ज्या दोन गोष्टींवर खरा क्रम ठरायला हवा, त्याच कोणी विचारत नाही.

व्यापारी कुटुंबांचा या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. ती गाड्यांची मालक आहेत, आणि दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप किंवा मंगल कार्यालय चालवणारी म्हणून चार्जिंग केंद्राची यजमानही होऊ लागली आहेत. गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. तेव्हापासून हा व्यवसाय सर्वांना खुला झाला. केंद्र उभारणे त्यामुळे सोपे झाले, पण ते चालवण्याची रीत अजून घडायची आहे.

वीज अपुरी नाही, घाई एकाच वेळी येते

महामार्गावरील प्रसंग घाईचा आहे. प्रश्नाचे मूळ मात्र शहरातील वाहनतळावर अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथे गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. समजा, एखाद्या घाऊक बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी मिळून आपल्या वाहनतळावर ७.४ किलोवॉटचे आठ चार्जर बसवले. सकाळी दहाला आठ दुकानदार येतात, प्लग जोडतात, दुकान उघडतात आणि सायंकाळी सहाला परत निघतात. प्रत्येकाला सरासरी १५ यूनिट हवे आहेत. एवढ्या विजेवर साधारण मोटार शंभरेक किलोमीटर चालते. आठही चार्जर एकदम पूर्ण वेगाने सुरू झाले, तर दहा वाजता जवळजवळ ६० किलोवॉटचा भार पडेल. दोन तासांत सर्वांचे काम संपेल आणि उरलेले सहा तास चार्जर नुसते उभे राहतील.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. आठ गाड्यांना मिळून १२० यूनिट हवेत आणि हाताशी आठ तास आहेत. म्हणजे सरासरी केवळ १५ किलोवॉट, पहिल्या आकड्याचा चौथा हिस्सा. कोणी लवकर निघेल, कोणी उशिरा येईल, म्हणून थोडी जादा क्षमता धरली तरी २५ किलोवॉटमध्ये तेच काम व्हावे.

हा फरक नुसत्या कागदावरचा नाही. मंजूर भार ६० किलोवॉटचा घ्यायचा तर केबल मोठी हवी, कदाचित नवे रोहित्र हवे, आणि वीजबिलातील स्थिर आकारही त्या प्रमाणात वाढतो. दोन तासांच्या गर्दीसाठी वर्षभर मोठ्या गोदामाचे भाडे भरण्यासारखेच हे आहे. क्रम नीट लावला, तर त्याच तारेवर अधिक गाड्या भरतात आणि प्रत्येक यूनिटवर पडणारा खर्च उतरतो.

ट्रान्सपोर्टच्या गाळ्यातील जुना नियम

क्रम लावण्याची एक पद्धत व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात सकाळी आलेला गठ्ठा आधी चढवला जातोच असे नाही. ज्या गावची गाडी आधी सुटणार, तिचा माल आधी चढतो. रात्री सुटणाऱ्या गाडीचा माल सकाळीच आला असला, तरी तो कोपऱ्यात थांबू शकतो. त्याचे काही बिघडत नाही.

चार्जिंगच्या क्रमाचा अभ्यास करणारे संशोधक याच विचाराला गणिती रूप देतात. प्रत्येक गाडीची ‘सवड’ काढायची: निघेपर्यंत हाती असलेल्या वेळातून चार्जिंगला लागणारा वेळ वजा केला की सवड मिळते. ज्याची सवड सर्वांत कमी, त्याला वीज आधी.

एक छोटे उदाहरण घेऊ या. वाहनतळावर दोन गाड्या आहेत आणि एका वेळी एकाच गाडीला ७ किलोवॉट देता येतात. पहिली गाडी साडेनऊला आली. तिला १४ यूनिट हवेत आणि ती सायंकाळी सहाला निघणार आहे. दुसरी दहाला आली. तिलाही १४ यूनिटच हवेत, पण ती साडेबाराला निघणार आहे. आधी आलेल्याला आधी, या नियमाने पहिली गाडी साडेअकरापर्यंत भरत राहील. दुसरीला एकच तास मिळेल आणि ती निम्म्या विजेवर निघेल. सवडीच्या नियमाने पहिली गाडी दहाला थांबेल, दुसरी दहा ते बारा भरून घेईल आणि पहिलीचे राहिलेले काम दीडपर्यंत पूर्ण होईल. सहाला परतणाऱ्या मालकाला मधल्या दोन तासांच्या खंडाची जाणीवही होणार नाही. कोणाचेही काही न घेता दुसऱ्याचे काम झाले.

यंत्राच्या काही मर्यादा मात्र पाळाव्या लागतात. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चार्जर गाडीला ६ अँपिअरहून कमी प्रवाह देऊ करू शकत नाही. घरगुती दाबावर हे साधारण १.४ किलोवॉट होतात. त्यामुळे थोडी वीज अनेकांत हवी तितकी बारीक वाटता येत नाही; कोणाला तरी थांबवून पाळीपाळीने द्यावी लागते. काही जुन्या गाड्या मध्येच थांबवल्या की पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

याहून महत्त्वाची अडचण वेगळीच आहे. जलद डीसी चार्जिंगमध्ये गाडी आपली बॅटरी किती भरली आहे हे चार्जरला सांगते. साध्या एसी चार्जिंगमध्ये ही माहिती सहसा मिळतच नाही. गाडीला किती यूनिट हवेत, हे चार्जरला कळण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे चालकाला विचारणे. आणि किती वाजता निघणार, हे तर कोणत्याही गाडीला ठाऊक नसते. ते फक्त माणसालाच माहीत असते.

पासाडेनाचा वाहनतळ

चालकाला विचारून क्रम लावण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे कॅलटेक ही विख्यात विज्ञानसंस्था आहे. तेथील प्राध्यापक स्टीव्हन लो यांच्या संशोधनगटाने २०१६ साली संस्थेच्याच वाहनतळावर अशी व्यवस्था सुरू केली. पन्नासहून अधिक गाड्यांच्या जागा, आणि सर्व चार्जर एकदम पूर्ण वेगाने चालवण्यास अपुरे पडणारे रोहित्र, अशी तेथील स्थिती होती. मोठे रोहित्र घेण्याऐवजी त्यांनी चालकांना मोबाइलवर दोनच प्रश्न विचारले: किती वाजता निघणार आणि किती वीज हवी. मग संगणक दर थोड्या वेळाने प्रत्येक गाडीचा वाटा नव्याने ठरवू लागला.

व्यवस्था चालली. मात्र तिने एक धडाही दिला. २०१९ साली या केंद्रांवरील हजारो नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या करण्यात आल्या. त्या तपासल्यावर दिसले की चालकांनी सांगितलेली वेळ आणि वीज, दोन्ही अनेकदा प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. यात फसवणूक होती असे समजण्याचे कारण नाही. बैठक लांबते, कोणी विचार न करता नेहमीचाच आकडा दाबतो, कोणी खबरदारी म्हणून जास्तच सांगतो. त्याच चालकाच्या मागील नोंदींवरून बांधलेला अंदाज त्याच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा पुष्कळदा अधिक अचूक ठरला. व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. ‘परवा पैसे देतो’ म्हणणाऱ्या ग्राहकाचा परवा म्हणजे कोणता दिवस, हे जुना मुनीम खातेवही पाहूनच सांगत असे.

तेथे सुरुवातीला चार्जिंग मोफत होते; नोव्हेंबर २०१८ पासून यूनिटमागे दर लागू झाला आणि वापर लक्षणीय घटला. जे फुकट मिळते ते गरज नसतानाही घेतले जाते, हा सर्वत्रचा अनुभव तेथेही आला.

न विचारता केलेली सोय

नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅमने वेगळी वाट धरली. त्या शहरात बहुसंख्य घरांना स्वतःचा वाहनतळ नाही. गाड्या रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहतात आणि तेथील सार्वजनिक खांबांवरच भरल्या जातात. २०१७ साली तेथे ‘फ्लेक्सपॉवर’ नावाने प्रयोग सुरू झाला. त्यात चालकाला काही विचारलेच नाही. सायंकाळी घरोघरी दिवे आणि चुली एकदम सुरू होतात, त्या काळात खांबांचा वेग कमी केला आणि दिवसाच्या इतर वेळी तो वाढवला. बहुतेक गाड्या रात्रभर उभ्या असल्याने त्यांना सकाळी भरलेली बॅटरी मिळते, आणि बराचसा भार सायंकाळच्या गर्दीतून बाहेर पडतो.

या पद्धतीची सरलता मोहक आहे. तिची उणीवही तिच्यातच आहे. सायंकाळी सहाला येऊन आठला पुन्हा निघणाऱ्याची वेगळी गरज तिला दिसत नाही. सर्वांना सारखे वागवणे आणि प्रत्येकाची गरज ओळखणे यांत अंतर आहे. पहिले सोपे असते, दुसऱ्यासाठी माणसाने तोंड उघडावे लागते.

भारतात या विचाराला सूर्याची जोड मिळाली आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सकाळी नऊ ते दुपारी चार हा सौरकाळ मानला. त्या काळात वीजवितरण कंपनीने चार्जिंग केंद्राला लावलेला दर सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पटीपेक्षा अधिक नसावा आणि अन्य वेळी तो १.३ पटीच्या आत असावा, अशी मर्यादा सुचवली. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, त्यामुळे ते आपल्या वीजबिलावरून तपासून घ्यावेत. दिशा मात्र स्पष्ट आहे: दुपारची वीज स्वस्त आणि सायंकाळची महाग. बाजारपेठेतील दुकानदाराची गाडी नेमकी याच काळात दुकानाबाहेर उभी असते. घरी रात्री भरण्याची सवय थोडी बदलली, तर त्याचा आणि वीजव्यवस्थेचा दोघांचाही लाभ आहे.

महामार्गाचे गणित निराळे

महामार्गावर सवड फारशी कोणालाच नसते, म्हणून तेथे प्रश्न क्रमापेक्षा मर्यादेचा असतो. जलद चार्जरवर बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत वेगाने भरते. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी गाडी स्वतःच वेग कमी करीत जाते. ४० यूनिट क्षमतेची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची तर २४ यूनिट लागतात. सरासरी ४० किलोवॉट मिळाले तर हे काम सुमारे ३६ मिनिटांत होते. शेवटच्या २० टक्क्यांसाठी, म्हणजे केवळ ८ यूनिटांसाठी, अनेक गाड्यांना जवळजवळ तेवढाच वेळ पुन्हा लागतो. त्या वेळात मागच्या एका गाडीचा पूर्ण प्रवास मार्गी लागला असता.

आगाऊ नोंदणी हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो. डिसेंबर २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतच चालकांना ऑनलाइन वेळ राखून ठेवता यावी, अशी अपेक्षा होती. पण घाटातील कोंडीत अडकलेली गाडी ठरल्या वेळी पोहोचत नाही. तिच्यासाठी राखलेली गन रिकामी आणि समोर रांग, असा विचित्र प्रसंग ओढवतो. म्हणून नोंदणी ठेवायची तर दहा-पंधरा मिनिटांची सवलत देऊन ती आपोआप रद्द व्हावी, आणि एखादी गन तरी बिननोंदणीच्या गाड्यांसाठी मोकळी ठेवावी.

चार्जिंग संपूनही जागा अडवणाऱ्यांसाठी टेस्ला कंपनीने डिसेंबर २०१६ पासून अडवणुकीचा आकार सुरू केला. पाच मिनिटांत गाडी हलवली तर आकार नाही. पुढे, केंद्र निम्म्याहून अधिक रिकामे असतानाही तो नाही, अशी तरतूद झाली. ही तरतूद विचार करण्याजोगी आहे. दुसऱ्याची अडचण होत नसेल तर दंड कशासाठी? आकाराचा हेतू कमाई हा नसून जागा मोकळी होणे हा आहे, हे ग्राहकाला त्यातून कळते.

वायद्याची किंमत

विचारून क्रम लावण्याच्या पद्धतीचा कच्चा दुवा उघड आहे. ज्याची घाई अधिक त्याला आधी, असे म्हटले की उद्या प्रत्येकालाच घाई असेल. सहाला निघणारा ‘बाराला निघतो’ असे सांगेल. सगळ्यांनी तसेच सांगितले की क्रम पुन्हा पहिल्यासारखाच होईल, आणि खरोखर घाईत असलेल्याचा आवाज त्या गलक्यात बुडेल.

व्यापारात याचे उत्तर जुने आहे: वायद्याला किंमत असावी. ज्याने लांबची मुदत दिली त्याला भाव कमी, ज्याला तातडीने हवे त्याला थोडा अधिक. ‘सायंकाळी सहापर्यंत केव्हाही भरा’ म्हणणाऱ्याला यूनिटमागे सवलत मिळाली, तर खरे सांगणे हेच त्याच्या फायद्याचे होते. जो चालक सांगितलेली वेळ सातत्याने पाळतो, त्याच्या शब्दाला पुढच्या वेळी अधिक वजन द्यावे. पेढीवर पत अशीच वाढते.

परंतु सारे काही भावावर सोडणे हाही न्याय नव्हे. मालवाहू तीनचाकी चालवणारा दिवसभर फेऱ्या मारतो. त्याची लहान बॅटरी दुपारी पुन्हा भरली नाही, तर त्याच्या संध्याकाळच्या फेऱ्या बुडतात. तातडीचा वाढीव दर मोठ्या मोटारीच्या मालकाला जाणवणारही नाही. या चालकाच्या मात्र दिवसभराच्या मिळकतीतून तो जाईल. घाई दोघांचीही असते, पण घाईची किंमत मोजण्याची ताकद सारखी नसते. बाजारपेठेतील केंद्रांनी दुपारच्या काही जागा साध्याच दराने अशा चालकांसाठी राखल्या, तर त्यात उपकार नाही. त्या दुकानांचा माल हेच चालक पोहोचवतात.

केंद्र उभारणाऱ्यांसाठी

आपल्या आवारात चार्जर बसवू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी यंत्राच्या किमतीपूर्वी काही गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट नोंदवहीची. आपल्याकडे येणाऱ्या गाड्या किती वाजता येतात आणि किती वेळ थांबतात, याची दोन आठवडे साधी नोंद ठेवावी. ग्राहक चार-पाच तास थांबत असतील तर महागडा जलद चार्जर घेण्याचे कारण नाही. त्याच पैशात अनेक साधे चार्जर बसतात. पाऊण तासात निघणाऱ्यांसाठी मात्र साधा चार्जर निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या भाषेची. चार्जर ‘ओसीपीपी’ या खुल्या प्रणालीची १.६ किंवा त्यापुढील आवृत्ती समजतो का आणि त्यात भार वाटून देण्याची सोय प्रत्यक्ष चालू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नाही तर उद्या क्रम लावायचा म्हटले तरी यंत्र ऐकणार नाही, किंवा एकाच कंपनीच्या संगणकव्यवस्थेशी कायमचे बांधून घ्यावे लागेल.

तिसरी गोष्ट फलकाची. दर, सवलतीचा काळ, जागा अडवल्याचा आकार आणि महामार्गावर असल्यास रांगेच्या वेळी ८० टक्क्यांची मर्यादा, हे सारे ठळक मराठीत लिहिलेले असावे. नियम आधीच सांगितला तर वाद टळतो. गाडी लावल्यावर सांगितला तर भांडण होते.

आणि इंटरनेट बंद पडले तर काय, हे ठरवून ठेवावे. त्या वेळी आठही गाड्यांना सुरक्षित अशा मंद वेगाने वीज मिळत राहावी, आणि कोणाची खरी निकड असेल तर ती ऐकून घेणारा एखादा समंजस माणूस तेथे असावा. अनेक केंद्रांवर हा माणूसच सर्वांत उपयोगी साधन ठरतो.

पुन्हा त्या आवारात

दुपारच्या तीन वाजताच्या त्या भोजनगृहात परत यावे. तेथे गन वाढवलेल्या नाहीत, तारही जाड केलेली नाही. फक्त आलेल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले गेले आहेत आणि नियमांचा फलक दारातच आहे. चाळीस किलोमीटर जाणाऱ्या मंडळींना सुमारे सहा यूनिट पुरेसे आहेत; ते केव्हाच मिळाले, आणि उरलेली बॅटरी घरी रात्री भरणार असल्याने त्यांनी गन आनंदाने सोडली. दुसऱ्या गाडीच्या मालकाला चार्जिंग संपत आल्याचा संदेश गेला आणि आकार लागण्यापूर्वी त्याने गाडी बाजूला घेतली. तीन वाजता दोन्ही गन मोकळ्या आहेत. टॅक्सी आणि ते कुटुंब, दोघांचीही गाडी एकाच वेळी जोडली जाते आणि पावणेचारच्या आत दोन्ही गाड्या रस्त्याला लागतात.

चार गाड्यांना दोन गन पुरल्या. टॅक्सीचालकाचा प्रवासी चुकला नाही, आणि मुक्कामी पोहोचून आजींनी पाने वाढायला सांगितली, तेव्हा सूर्य अजून वर होता.